दुसरा गाल पुढे करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे

माझ्या मावसबहिणीच्या डाव्या कानाचा पडदा नवऱ्याच्या थपडेने फाटला. गेले तीन आठवडे ती माझ्याकडे राहते आहे आणि फोन आला की उजव्या कानाला लावते. परवा तिने तोच फोन माझ्यापुढे धरला. प्रार्थना गटातून फिरत फिरत आलेला एक मेसेज होता, खाली चार हात जोडलेले. "ताई, खरंच असं लिहिलंय का गं?" असं तिने विचारलं, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

मेसेजचा सारांश असा: वैऱ्यावर प्रीती करायची म्हणजे एका गालावर मारलं की दुसरा पुढे करून निमूट सोसायचं. येशूने कधी विरोध केला नाही. पोलिसांत तक्रार देणं हा सूडच. क्षमा केली की मागचं पुसून परत नांदायला जायचं. आपण भलं केलं की देव त्याच्या डोक्यावर निखारे ओततो. आणि जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, वैऱ्याचा द्वेषच शिकवला होता.

शेवटचा मुद्दा आधी उरकते. "शेजाऱ्यावर प्रीती कर" हे जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे, "वैऱ्याचा द्वेष कर" हे मोशेच्या नियमशास्त्रात कुठेही नाही. उलट निर्गम 23 सांगतं की वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकलेलं दिसलं तर त्याच्याकडे नेऊन पोचवावं. निखाऱ्यांचं वचन नीतिसूत्रे 25 मधून येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, रोमकरांच्या पत्रात घेतलं आहे. त्याचा अर्थ शरमेचा की शिक्षेचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पुढचंच वाक्य "बऱ्याने वाइटाला जिंक" असं असताना, समोरचा जळावा म्हणून त्याला जेवू घालणं त्यात बसत नाही.

आता गालाचं. मत्तय 5:39 मध्ये स्पष्ट "उजवा गाल" म्हटलंय. समोरासमोर उभं राहून हात न लावता करून बघा: उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हाताची मागची बाजूच लागते. अशी थप्पड इजा करण्यापेक्षा पाणउतारा करण्यासाठी असते, असं बरेच अभ्यासक म्हणतात. एवढ्यावरून सगळा वाद मिटत नाही, हे मला मान्य आहे. पण खुद्द येशूला थप्पड बसली तेव्हा काय झालं, ते योहान 18 मध्ये आहे. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याला मारलं. त्याने उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असं त्याने तिथेच विचारलं. नासरेथात, त्याच्या स्वतःच्या गावात, लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला.

तक्रार म्हणजे सूड, या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला, कारण ते वाचून माणूस जिवानिशी जाऊ शकतं. "सूड घेऊ नका, तुमचा वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल" हे लिहिणारा पौलच आहे, रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात. ते पत्र त्याने यरुशलेमला जाण्याआधी लिहिलं, आणि त्यातच 15 व्या अध्यायात, यहूदीयातल्या विरोधकांपासून सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती केली. मग तो यरुशलेमला गेला आणि पकडला गेला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 23 उघडा. पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही, अशी शपथ चाळीसहून अधिक माणसांनी घेतली. हे त्याच्या भाच्याच्या कानावर आलं. पौल ज्या रोमी गढीत कैदेत होता, तिथे येऊन त्याने मामाला सांगितलं. पौलाने काय केलं? शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याला, बोलावलं आणि "या मुलाला सरदाराकडे घेऊन जा" म्हणाला. त्याच रात्री 200 शिपाई, 70 घोडेस्वार आणि 200 भालेकरी यांच्या बंदोबस्तात त्याला तिथून हलवण्यात आलं. पुढे न्याय मिळत नाही असं दिसल्यावर त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली.

वैऱ्याला जेवू घाला म्हणणाऱ्या माणसाने जिवाला धोका आहे हे अधिकाऱ्यांपर्यंत पोचवलं आणि संरक्षण घेतलं. त्या चाळीस जणांचं वाईट त्याने केलं नाही. त्यांच्या हातून खून होऊ दिला नाही, यात त्यांचंही भलंच झालं. माझ्या बहिणीने तक्रार दिली ती याहून वेगळी कुठे आहे?

क्षमेबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. क्षमा करायलाच सांगितलंय, आणि त्यातून पळवाट नाही. मनात वैर जपून ठेवायची मुभा ख्रिस्ती माणसाला नाही. मला स्वतःला हे अजून जमलेलं नाही. पण क्षमा केली म्हणजे दार उघडून द्यायचं, हे कुठे आहे? पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर 1981 च्या मे महिन्यात गोळ्या झाडल्या गेल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर क्षमा केली, आणि 1983 च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्या माणसाशेजारी बसून बोलले. भेट संपल्यावर पोप बाहेर पडले आणि तो कोठडीतच राहिला. इटलीच्या तुरुंगातून तो सुटला 2000 मध्ये.

बहिणीला मी कृत्ये 23 वाचून दाखवलं, तिच्या उजव्या बाजूला बसून. भाच्याची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. रोज रात्री ती नवऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करते, त्याची दारू सुटावी म्हणून. तक्रार तिने मागे घेतलेली नाही.