बाजूने काढा की सायकल!

गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून जे हवालदिल झाले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. रस्त्याच्या कडेने एक रिकामी, सपाट, रंगवलेली पट्टी जाते ना? मधूनमधून सायकलचं चित्र असलेली? ती तुमचीच. चित्र केवळ शोभेला आहे. मंगळवारी सकाळी एका सद्गृहस्थांनी मला हे ज्ञान दिलं. माझं एक कोपर अजून सुजलेलं असल्यामुळे एका हाताने टाइप करतोय, तरी जमेल तेवढं तुमच्यापर्यंत पोहोचवतो.

या सायकल ट्रॅकवर गाडी घेतली की पहिल्यांदा चारही इंडिकेटर लावायचे. गाडी बंद पडली किंवा अडकली, तर मागून येणाऱ्यांना सावध करायला ही सोय दिलेली आहे, अशी एक जुनी समजूत आहे. तिकडे लक्ष देऊ नका. ते बटण दाबताच गाडी अदृश्य होते, नियम डोळे मिटून घेतात आणि मालकाचं मन गंगेसारखं निर्मळ होतं. दिवे लुकलुकतायत, म्हणजे तुम्ही थांबलेलेच नाही आहात. तुम्ही ‘आलोच’ आहात.

किती वेळ, असं कुणी विचारलं तर ‘दोनच मिनिटं’. वीस मिनिटांनी विचारलं, तरी दोनच.

काही संकोची माणसं अर्धी गाडी ट्रॅकवर आणि अर्धी रस्त्यावर ठेवतात. सायकलवाल्याचीही अडचण, मोटारवाल्याचीही. पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको.

जागा निवडताना शक्यतो चौकाचं तोंड गाठा. तिथे उंच गाडी उभी केली की तिच्या आडून येणारी सायकल वळणाऱ्या ड्रायव्हरला दिसत नाही, आणि वळणारी गाडी सायकलवाल्याला दिसत नाही. दोघांचीही अगदी शेवटच्या क्षणी भेट होते. वळणारा ट्रक असेल तर आणखी रंगत. उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला अगदी खाली, बाजूला चिकटून असलेला माणूस दिसतच नाही. त्यातून लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. पुढचं चाक गेलं, सुटलो, असं ज्याला वाटतं, तो मागच्या चाकात सापडतो. तुम्ही तेव्हा दुकानात सुट्टे पैसे मोजत असाल. तुमचा काय संबंध?

उतरताना दार झटक्यात उघडावं. दाराकडच्या हाताने, मागे न बघता, सताड. नेदरलँड्समध्ये म्हणे दाराच्या लांबचा हात वापरून दार उघडायची सवय लावतात. तो हात पुढे नेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारी सायकल आपोआप नजरेला पडते. 2022 मध्ये ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकातही ही युक्ती शिरली. तुम्ही त्यापासून लांबच राहा. एकदा का मागे बघितलं, की मागे माणसं असतात हे कळतं, आणि मग त्याचा त्रास होतो. हिशेब हवा असेल तर सांगतो. ताशी 18 किलोमीटरने येणारी सायकल सेकंदाला 5 मीटर कापते. तिच्यापुढे 3 मीटरवर दार उघडलं, तर उरतात सेकंदाचे 6 दशांश. तेवढ्यात दार दिसायला हवं, डोक्यात शिरायला हवं आणि ब्रेकही लागायला हवा. माणूस कितीही चपळ असला तरी तोपर्यंत तो दाराच्या कडेवर आपटलेला असतो. किंवा दार चुकवायला रस्त्याच्या मध्यात गेलेला असतो, जे बऱ्याचदा दारापेक्षा वाईट.

फोन आला तर गाडी बाजूला घेऊनच बोलावं. बाजूला म्हणजे कुठे, हे आता सांगायला नकोच.

आणि आता तो मंत्र. सायकलवाल्याने तक्रार केलीच तर शांतपणे म्हणायचं, “बाजूने काढा की सायकल!”

मला मंगळवारी हाच मंत्र मिळाला. ट्रॅकवर गाडी उभी, चारही दिवे लुकलुकतायत, आत कुणी नाही. नुकताच पाऊस पडून गेलेला. पुढे जायचं तर मला ट्रॅक सोडून रस्त्यावर उतरणं भाग. आता ‘बाजूने काढणं’ म्हणजे काय असतं, ते स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला एकदा सांगूनच टाकतो. मान वळवून मागे बघावं लागतं. त्यात एक सेकंद जातो, आणि त्या सेकंदात मी 5 मीटर पुढे, म्हणजे तुमच्या डिकीकडे सरकलेला असतो. मागचा टेम्पो ताशी 50 ने येत असेल, तर तो त्याच सेकंदात जवळजवळ 14 मीटर येतो. मग हात दाखवायचा, म्हणजे हँडलवर एकच हात उरतो. ट्रॅकची आखलेली रेघ ओलांडायची, आणि तो रंग ओला झाला की त्यावरून चाक साबणावरून गेल्यासारखं सरकतं. तुमच्या गाडीच्या दारांपासून मीटरभर लांब राहायचं, कारण आत कुणी वाकून काही शोधत असेल आणि उठून दार उघडेल. एवढं सगळं करून मी बाहेर पडलो, आणि नेमकं रेघेवर चाक सरकलं. टेम्पोचा आरसा कोपराला लागला. मी गाडीच्या मागच्या चाकापाशी पडलो. सायकल एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

टेम्पोवाला थांबला. त्याची काही चूक नव्हती, तरी त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. त्यानेच मला उठवलं. तेवढ्यात गाडीचे मालक आले, कानाला फोन. आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, ओरखडा गेलाय का ते वाकून बघितलं, बोटाने पुसूनही बघितलं. मग माझ्याकडे वळले. “अहो, दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. एवढी जागा आहे, बाजूने काढायची ना!”

कुठली जागा? ती टेम्पोची जागा होती हो! माझी जागा तुमच्या चाकांखाली होती!

असो. लेख उपरोधिक आहे, आवाज चढवून चालणार नाही.

सायकलवाला पडलाच, तर त्याने हेल्मेट घातलं होतं का, हे सर्वांत आधी विचारावं. (घातलं होतं. कोपराला हेल्मेट नसतं.)

कुणी परदेशाचे दाखले देऊ लागलं तर बिचकू नका. लिथुआनियाची राजधानी विल्निअस. तिथले महापौर आर्तुरास झुओकास 2011 मध्ये सायकल ट्रॅकवर लावलेल्या एका आलिशान मोटारीवरून थेट चिलखती गाडी घेऊन गेले. मोटारीचा पापड झाला. त्याबद्दल त्याच वर्षी त्यांना शांततेचं इग् नोबेल, म्हणजे नोबेलची नक्कल करणारं गमतीदार पारितोषिक मिळालं. तुम्ही लगेच म्हणा, तो प्रकार चित्रीकरणासाठी ठरवून केलेला होता. तेही खरंच आहे. खरी चिलखती गाडी खऱ्या मोटारीवर कुणी घालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही एवढे निर्धास्त.

नेदरलँड्सचं नाव निघालं, तर ‘तिथली जमीन सपाट आहे’ हे ठेवणीतलं उत्तर आहेच. जमीन 1971 मध्येही सपाटच होती. त्या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे 3300 माणसं मेली, त्यात 400 हून अधिक मुलं होती. सपाट जमिनीने त्यांना वाचवलं नाही. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांचे खून थांबवा’ असं थेट नाव देऊन चळवळ उभी केली, रस्ते अडवले, वर्षानुवर्षं मागे लागले. नुसत्या रंगाच्या रेघेने मोटार अडत नाही हे त्यांना कळलं, म्हणून पुढे कठडे, उंचवटे, वेगळे मार्ग आले. आपल्याकडे रेघ आहे. रेघेवर तुम्ही आहात.

खरं सांगू? आता मला उपरोध जमत नाहीये. कोपर ठणकतंय आणि कालही त्याच जागी एक गाडी उभी होती. वेगळी गाडी, वेगळा माणूस, तेच चार दिवे. माझ्या पुढे एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची असेल, पाठीवर दप्तर. ती थांबली. मागे बघितलं, गाड्यांची रांग सुटेना. परत बघितलं. शेवटी खाली उतरली आणि सायकल हातात धरून, फुटपाथची कड चढवून, ढकलत गेली. तिने जे केलं ते मला मंगळवारी सुचलं नाही. पण दहा वर्षांच्या पोरीने तुमच्या गाडीला वळसा घालण्यासाठी रोज एवढी अक्कल का वापरायची? तुमची अक्कल कुठे जाते?

तुम्ही दुष्ट नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही आळशी आहात. गाडी लावायची जागा पुढे होती, शंभर पावलांवर. मी नंतर मोजली. तेवढं चालायचा कंटाळा आला म्हणून तुम्ही माझी हाडं पणाला लावलीत, मला न विचारता. आणि वर मलाच शहाणपण शिकवलंत. टेम्पो हातभर आणखी आत असता, तर मी हा लेख लिहीत नसतो आणि तुम्ही ‘अचानक आडवा आला’ असं सांगून घरी जेवायला गेला असतात.

दिवे बंद करा ते. फोन ठेवा. आणि गाडी काढा तिथून.