कामगार हवा, त्याचं पोरगं नको

चीनच्या प्रगतीचं कौतुक करताना आपण बंदरं, बुलेट ट्रेन, शेनझेनचे कारखाने सगळं काढतो. हुकोउचं नाव मात्र फारसं निघत नाही. माझ्या मते त्या प्रगतीचा निम्मा हिशेब तिथेच दडलाय.

हुकोउ म्हणजे कुटुंब कुठल्या गावचं-शहराचं याची सरकारदरबारी नोंद. १९५८ च्या कायद्याने ती पक्की झाली. माणूस शेतकी नाहीतर बिगरशेतकी, आणि शहरातलं रेशन, घर, नोकरी बिगरशेतकीवाल्यालाच. परवानगीशिवाय शहरात गेलात तर खाणार काय? पुढे कारखान्यांना माणसं हवी झाली, तेव्हा १९८४ साली सरकार म्हणालं, धान्याची सोय तुमची तुम्ही बघा आणि लहान शहरांत या. माणसं आली, पुढे मोठ्या शहरांतही गेली. नोंद गावीच राहिली. तरणेताठे हात कारखान्याला, आणि त्यांची पोरं, आजारपण, म्हातारपण गावाच्या गळ्यात. स्वस्त चिनी मालाची उरलेली किंमत गाव भरत होतं.

२०१४ मध्ये शेतकी-बिगरशेतकी हा भेद कागदावरून काढायचं ठरलं. तरी २०२० च्या जनगणनेत शहरात राहणारे ६४ टक्के आणि शहरी हुकोउवाले ४५ टक्के. मधली माणसं किती? सुमारे २६ कोटी!

आता सरकारला वाटतं, लोकांनी खर्च करावा, निर्यातीवरचा भार कमी व्हावा. पण ज्याला शहरात ना पुरती पेन्शन ना मुलाच्या शाळेची खात्री, तो पैसा गाठीलाच बांधणार. लहान शहरांनी दारं उघडलीत, पण तिथे कामं कमी. कामं आहेत त्या बीजिंग-शांघायमध्ये शिक्षण, विम्याची वर्षं असे गुण मोजून हुकोउ देतात. बांधकामावरच्या गवंड्याचे कुठून भरणार ते गुण?

लोक याला पोलिसी खाक्या म्हणतात; मला ही पैशाची गोष्ट वाटते. १९९४ च्या करसुधारणेत महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला, शाळा-दवाखाने स्थानिक सरकारांकडेच राहिले. खड्डा जमिनी विकून भरला जायचा. घरबांधणी बसल्यावर तेही आटलं. मग नव्या पोराची शाळा कोणत्या पैशातून? उलट शहरी हुकोउसाठी गावकरीही गावची जमीन सोडायला कचरतो, तोच त्याचा शेवटचा आधार.

(आपल्याकडे कुठेही राहायचा हक्क घटनेतच आहे. तरी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावच्या रेशनकार्डाचा मुंबईत किती उपयोग झाला, आठवा.)

२०२४ मध्ये चीन सरकारने पुन्हा पाच वर्षांचा आराखडा काढला, शहरीकरण ७० टक्क्यांजवळ न्यायचा. मी त्यात एकच बघेन: शांघायमध्ये वाढलेल्या गवंड्याच्या मुलीला कॉलेजची प्रवेशपरीक्षा शांघायमध्येच देता येते, की बारावीला तिला आजीच्या गावी पाठवावं लागतं.