बोट गेलं? आता मिटवून टाका

कारखान्यातल्या प्रेस मशीनवर बोट गेलं ना? मग सगळ्यात आधी तक्रारीचा सूर बंद करा. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात प्रेसवाल्याचं बोट जाणं ही काही बातमी नाही. शेठ स्वतःच्या गाडीतून तुम्हाला खासगी दवाखान्यात घेऊन गेले, डिपॉझिट भरलं. सुपरवायझर शहाळं घेऊन आला. आता शेठ म्हणतात, 'एकदाच काय ते मिटवून टाकू.' मिटवा की. कसं मिटवायचं तेवढं आम्ही सांगतो.

केसपेपरवर 'घरी दारात सापडून इजा' असं लिहिलेलं दिसलं तर गडबडून जाऊ नका. कारखान्यातला अपघात म्हटला की इन्स्पेक्टर येणार, ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, फॉर्म भरावा लागणार, मशीनचा सेन्सर महिनाभर बंद का होता हे विचारलं जाणार. नसती कटकट. आणि ईएसआयचं तर नावच काढू नका. महिना २१ हजारांपर्यंत पगार असला की ते लागू होतं, तुमचा पाऊण टक्का आणि शेठचा सव्वातीन टक्के. एकदा लागू झालं की उपचार पुढेही चालू राहतात आणि कायमच्या अपंगत्वापोटी दरमहा पैसे येतात, तेही मरेपर्यंत. मरेपर्यंत दर महिन्याला बोटाची आठवण! त्यापेक्षा एकरकमी बरं, लेकीच्या शाळेची फी तरी भरून होते.

पगार २१ हजारांच्या वर असेल तर तुम्ही ईएसआयच्या बाहेर, म्हणजे तुम्हाला लागतो कामगार भरपाईचा कायदा, मूळ १९२३ चा. (नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. बोटांचे दर तेच राहिले.) गंमत अशी की २०२० पासून या कायद्याने हिशोबासाठी धरलेला पगार जास्तीत जास्त १५ हजार. बावीस हजार मिळवणारा माणूस बोट गेल्यावर पंधरा हजारांचा होतो. यावर नाराज होऊ नका. आधी तर तो आठ हजारांचा व्हायचा.

कोणतं बोट गेलं की कमाईची ताकद किती टक्के घटली असं धरायचं, याचं कायद्यातलं दरपत्रक एकदा वाचाच, मन रमतं. अंगठा ३० टक्के. तर्जनी मुळापासून १४, एकच पेर गेलं तर ९, हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर ५. मधलं बोट मुळापासून १२, करंगळी ७. आता तर्जनी आणि मधलं मिळून किती? सव्वीस म्हणाल, तर चुकलात. एका हाताची दोन बोटं गेली की २०. घाऊक मालाला सूट असते, ती इथेही आहे. तीस वर्षांच्या माणसाचं एक बोट, म्हणजे तर्जनी, सांगतो: १५ हजारांचे ६० टक्के, नऊ हजार, त्याला कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा गुणक २०७.९८, त्याचे १४ टक्के. झाले २ लाख ६२ हजार ५५ रुपये. शेठ ऐंशी हजार रोख देतायत. रोख ते रोख. तेही बंद पाकिटात, कोणी बघू नये म्हणून.

एका सुताराचा हात कोपराच्या वरून गेला, तेव्हा सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा नुकसान शंभर टक्के धरा. असले निकाल वाचू नयेत. उगाच अपेक्षा वाढतात.

आता औषधपाण्याचं. कायद्यात २००९ साली दुरुस्ती झाली आणि उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यायचा असं ठरलं, तोही भरपाईच्या वर, वेगळा. 'झालेला' हा शब्द शेठना फार आवडतो. झालेला खर्च म्हणजे बिल आलेला खर्च. पुढचा खर्च अजून झालेलाच नाही, मग त्याचं बोलायचं कशाला?

म्हणून पुढचं काही मनात आणू नका. जखम झाकायला तुमचा हात जांघेच्या कातडीला शिवून ठेवला होता, तीनेक आठवडे. हात खिशात घालून उभ्या असलेल्या माणसासारखे तुम्ही वॉर्डात फिरत होतात. पुढे तो हात सुटा केला, पण लावलेली कातडी जाडजूड राहते. ती पातळ करायला पुन्हा टेबलावर जावं लागतं. हाडात घातलेली तार काढायची असते. बोटं आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी असते, आणि ती बिनपगारी रजेवर करायची असते. तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकाला कधीकधी गाठ येते आणि थुटक्याला नुसता पाण्याचा ग्लास लागला तरी कळ मेंदूपर्यंत जाते. थंडीत ते ठणकतं. जे बोट उरलेलंच नाही ते रात्री दोन वाजता खाजतं, आणि खाजवायचं कुठे हे कोणत्याच दरपत्रकात नाही. या सगळ्याची किंमत किती, असं एखाद्या प्लास्टिक सर्जनला विचारून कागदावर लिहून घेता येतं म्हणे. तुम्ही असला आगाऊपणा करू नका. आकडा कागदावर आला की ऐंशी हजार एकदम लहान दिसायला लागतात.

शेठनी कामगार भरपाईची पॉलिसी काढली असेलही, पण तिच्यात औषधोपचाराचा भाग बहुतेक वेळा जादा प्रीमियम भरून घ्यावा लागतो. तो त्यांनी घेतला नाही. कोणाला वाटलं होतं असं होईल? गेल्या वर्षी दुसऱ्या पाळीत झालं होतं, पण तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस होता. (कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाची जबाबदारीही मूळ मालकावर येते. हे त्याला कोणी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.)

आता मुख्य कार्यक्रम. पाचशेचा स्टॅम्प पेपर येईल. पूर्वी शंभराचा चालायचा, तेवढा शेठचा खर्च वाढलाय, जाणीव ठेवा. त्यावर लिहिलेलं असेल: 'मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणत्याही दबावाशिवाय लिहून देतो की सदर अपघाताबाबत व त्यातून पुढे उद्भवणाऱ्या कोणत्याही औषधोपचाराबाबत माझी अथवा माझ्या वारसांची काहीएक मागणी राहिलेली नाही.' वाचत बसू नका, बाहेर शेठची गाडी चालू ठेवलीय. बँडेजमुळे सही जमत नसेल तर अंगठा चालतो. तोच गेला असेल तर दुसरा आहेच.

एखादा युनियनवाला कानाशी लागेल. म्हणेल, हक्क सोडून देणारा असला करार कायद्याने मुळातच रद्द. तडजोड करायची तर तिची नोंद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे करावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला तर ते नोंद नाकारतात. नोंदच केली नाही तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते, वर आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त वळतेही करून घेता येत नाहीत. ऐकायला बरं वाटतं, पण शेठच्या वकिलाला हे तुमच्या युनियनवाल्यापेक्षा जास्त पाठ आहे. तो कागद कोर्टात टिकावा म्हणून केलेलाच नसतो. तुम्ही कोर्टाची पायरी चढू नये म्हणून केलेला असतो, आणि त्या कामाला तो उत्तम टिकतो.

'मशीनचं गार्ड तूच काढलं होतंस' असं कोणी म्हणालं तर मान खाली घाला. गार्ड लावून तासाचं टार्गेट होत नाही हे सुपरवायझरनेच सांगितलं होतं, वगैरे जुनं उकरू नका. साध्या निष्काळजीपणावर भरपाई अडत नाही, हेही मनातच ठेवा.

आणि इतकं करूनही पुढे दुखलंच, ऑपरेशन सांगितलंच, तर शेठना भेटा. ते माणूस चांगले आहेत, 'दिवाळीनंतर बघू' म्हणतील. दिवाळीनंतर ते म्हणतील, 'मार्च एंड होऊ दे.' दावा लावायला दोन वर्षं असतात, म्हणजे दोन दिवाळ्या आणि दोन मार्च एंड त्यात आरामात बसतात. पुरेसं कारण असेल तर उशीर माफही होतो, पण 'शेठ बघू म्हणाले होते' याला साक्षीदार फक्त सुपरवायझर, आणि त्याला यंदा इन्क्रिमेंट मिळालंय.