टाऊनशिप बंद करा म्हणण्याआधी

मे महिन्यात प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो चार दिवस बंद पडतात. त्यांच्या जागी बिलांचे फोटो येतात. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडचे, ड्युपेज काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). 1 जूनला पहिला हप्ता, 1 सप्टेंबरला दुसरा. यंदा एकाने बिलातल्या एका ओळीभोवती लाल गोल काढला: टाऊनशिप. ही घरांची वसाहत नव्हे, काउंटीच्या खालचं छोटं स्थानिक सरकार. खाली लिहिलं, 'सिटीला भरतो, काउंटीला भरतो, पार्कला भरतो, शाळेला तर भरतोच भरतो. हे आणखी कोण? बंद करा.' भराभर अंगठे आले. मी तिथे वाद घातला नाही, कारण ग्रुपवर वाद घालून कुणाचं मत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी त्या ओळीचा हिशोब. बिलातला निम्म्याहून बराच जास्त पैसा शाळांकडे जातो. टाऊनशिप आणि तिचा रस्ते विभाग मिळून जे घेतात ते त्यापुढे चिल्लर आहे. अर्थात चिल्लर म्हणून विचारू नये असं नाही. पण लाल गोल नेमका तिथेच पडतो, कारण बाकीच्यांचं काम डोळ्यांना दिसतं. शाळेची बस दिसते, पार्कमधली झोपाळ्यांची रांग दिसते. टाऊनशिप दिसत नाही. कित्येकांना आपण कुठल्या टाऊनशिपमध्ये राहतो हेही माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. नेपरव्हिल हे एकच शहर दोन काउंटींत आणि कितीतरी टाऊनशिपांत विभागलेलं आहे. पत्ता नेपरव्हिलचा, टाऊनशिप भलतीच.

टाऊनशिपचे हे चौकोनी तुकडे आले कुठून? 1785 च्या कायद्याने इकडच्या जमिनीची मोजणी झाली तेव्हा सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे तुकडे पाडले गेले. आमच्या इलिनॉय राज्यात 1848 च्या राज्यघटनेने काउंट्यांना टाऊनशिपचा कारभार स्वीकारायची मुभा दिली. आज 102 पैकी 85 काउंट्यांत ही पद्धत आहे, उरलेल्या 17 तिच्याशिवाय चालवतात. म्हणजे टाऊनशिप नसली तर आभाळ कोसळत नाही, हे बंदवाल्यांचं म्हणणं खोटं नाही.

कायद्याने टाऊनशिपची कामं तीन: घरांचं मूल्यांकन, सिटीच्या हद्दीबाहेरचे रस्ते, आणि गरजूंना मदत.

मूल्यांकनापासून सुरू करते, कारण तिथे आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे अडकलेले असतात आणि सगळ्यात कमी लोक तिकडे फिरकतात. शेजारच्या कुक काउंटीत हे काम काउंटीचा असेसर, म्हणजे मूल्यांकन अधिकारी, करतो. आमच्याकडे टाऊनशिपचा करतो, आणि त्याला आपणच मत देऊन निवडतो. मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या विक्रीवरून घराचा बाजारभाव काढायचा, त्याच्या एक तृतीयांशावर आकारणी. प्रत्येक घराचं एक कार्ड असतं: किती चौरस फूट, किती बाथरूम, बेसमेंट फिनिश्ड (म्हणजे तळघर राहण्यासारखं केलेलं) की नाही, डेक आहे का. आमच्या कार्डावर बेसमेंट फिनिश्ड होतं. प्रत्यक्षात तिथे सिमेंटची जमीन, फर्नेस आणि लग्नात मिळालेली, कधीच न उघडलेली भांडी. काउंटरवरच्या बाईंना फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी माणूस पाठवला, त्याने खाली उतरून पाहिलं, कार्ड दुरुस्त झालं. वकील नाही, फी नाही. हेच काम 'कर कमी करून देतो' म्हणणाऱ्या कंपनीला दिलं असतं तर वाचलेल्या पैशातला वाटा तिला गेला असता. असेसरने ऐकलं नाही तर पुढे काउंटीचं बोर्ड ऑफ रिव्ह्यू आहे, तिथे आकडे प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत अपील करावं लागतं. आपली मंडळी 31 व्या दिवशी जागी होतात आणि ग्रुपवर विचारतात, 'कुणी अपील केलंय का?'

आता मदतीचं. जनरल असिस्टन्स म्हणजे ज्याला बाकी कुठल्याच सरकारी योजनेतून रोख पैसे मिळत नाहीत अशा माणसासाठीची शेवटची सोय. लहान मुलं पदरात नाहीत, नोकरी गेलीय, अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज टाकलाय आणि निकालाला महिनोन्‌महिने लागणार, अशा माणसाचं मधल्या काळातलं भाडं आणि विजेचं बिल. रक्कम फार नसते. पण ती देणं टाऊनशिपवर बंधनकारक आहे, मर्जीचा मामला नाही. 'आपल्याला काय त्याचं' असं वाटत असेल तर एकदा टाऊनशिपच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देतात तिथे, डबे लावायला जा. पार्किंगमध्ये चांगल्या गाड्या दिसतील, कारण नोकरी गेल्यावर आधी फ्रिज रिकामा होतो, गाडी नंतर जाते.

आणि मग कायद्यात न सांगितलेली कामं, जी टाऊनशिपगणिक वेगळी. माझे सासरे दोन हिवाळ्यांपूर्वी ड्राइव्हवेवर घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना हॉस्पिटलने यादी दिली: वॉकर, कमोडची खुर्ची, बाथटबमधला स्टूल. मी ऑनलाइन किमती बघत बसले होते, तेवढ्यात शेजारणीने सांगितलं, टाऊनशिपच्या ऑफिसात जा. तिथे मागे एक खोली आहे, भिंतीला ओळीने लावलेल्या व्हीलचेअर, कुबड्या, पायांना टेनिसचे चेंडू अडकवलेले वॉकर. बाईंनी नाव-फोन लिहून घेतला. परत कधी आणायचं विचारलं तर म्हणाल्या, 'गरज संपली की.' सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, मी हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, 'डिपॉझिट किती?' त्यांनी आयुष्यभर सांगलीत सरकारी नोकरी केली, विश्वास बसणं कठीणच होतं.

तो वॉकर घेऊन ते पुढे टाऊनशिपच्या छोट्या बसमधून फिजिओथेरपीला जायला लागले. आदल्या दिवशी फोन करायचा, बस दारात येते, लिफ्टने वर घेते. आपल्या सगळ्यांच्या आईवडिलांची इथली खरी अडचण एकच असते: गाडी चालवत नाहीत, आणि गाडीशिवाय दुधाची पिशवीही आणता येत नाही. मुलगा-सून सुटण्याची वाट बघत खिडकीशी बसायचं. आता बाबा लायब्ररीतही जातात. ड्रायव्हरशी हवामानावर बोलतात. इंग्रजी सुधारलंय, तेही अगदी शिकागोच्या हेलात.

म्हणून टाऊनशिप पवित्र आहे का? मुळीच नाही. रस्त्यांचंच बघा. सिटीच्या हद्दीत न आलेले तुकडे आमच्याकडे बेटांसारखे राहिलेत. घराला विहीर आणि सेप्टिक टाकी, फुटपाथ नाही, कडेला चर. बर्फ पडला की सिटीचा प्लाऊ, म्हणजे बर्फ हटवणारा ट्रक, त्या कोपऱ्यापर्यंत येऊन वळतो आणि पुढचं टाऊनशिपचा ट्रक साफ करतो. एकाच रस्त्याला दोन ट्रक, दोन मिठाचे ढीग, दोन अधिकारी. हे एकत्र करायला हरकत काय, याचं धड उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. शिवाय ते चकचकीत वार्तापत्र, ज्यात सुपरवायझरचा, म्हणजे टाऊनशिपच्या प्रमुखाचा, फोटो जवळपास प्रत्येक पानावर असतो. त्याचा खर्चही आपणच देतो.

बंद करणंही शक्य आहे. शिकागोजवळच्या एव्हन्स्टनमध्ये सिटी आणि टाऊनशिपच्या सीमा अगदी एकच होत्या. तिथल्या लोकांनी 2014 मध्ये मतदान करून टाऊनशिप विसर्जित केली, गरजूंची मदत सिटीकडे गेली. ते मला पटतं. पण आमच्याकडे सीमा जुळतच नाहीत. इथे बंद केली तर कामं काउंटीकडे, म्हणजे तिच्या मुख्य ठिकाणी व्हीटनला जाणार. व्हीलचेअरची ती खोली काउंटी चालवेल? कायद्याने बंधन नाही, त्यामुळे पहिली कात्री तिथेच लागेल. म्हणून माझं मत: रस्ते द्या सिटीला किंवा काउंटीला, असेसर आणि मदतीचं ऑफिस जवळच राहू दे.

आणि हे मत मांडायची जागा व्हॉट्सअॅप नाही. दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी टाऊनशिपची वार्षिक सभा भरते. आपल्या ग्रामसभेसारखीच, नोंदणी झालेल्या प्रत्येक मतदाराला तिथे बोलायचा आणि मत द्यायचा हक्क. अध्यक्षसुद्धा हजर लोकांतूनच निवडतात. मी गेले तेव्हा खुर्च्या भरपूर आणि माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातले निम्मे टाऊनशिपचेच पदाधिकारी. त्या सभेत कराची रक्कम ठरत नाही, ती टाऊनशिपचं बोर्ड ठरवतं. पण जमाखर्च समोर ठेवला जातो आणि प्रश्न विचारता येतात. एक प्रश्न मी आताच देऊन ठेवते: तिजोरीत शिल्लक किती? कायद्याने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी खर्चाच्या अडीचपटीहून जास्त साठवता येत नाही. आपली किती आहे ते विचारा, आणि एवढी असताना बस शनिवार-रविवारी का बंद असते तेही विचारा.

हाच विषय अजेंड्यावर घ्यायला लावायचा असेल तर 15 मतदारांच्या सह्यांचं पत्र 1 मार्चपर्यंत टाऊनशिपच्या क्लार्ककडे पोचावं लागतं. पत्र मी लिहिते. ज्यांची मतदार नोंदणी आमच्याच टाऊनशिपमध्ये आहे त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. लाल गोल काढणाऱ्याची सही मला पहिली हवीय. ग्रीन कार्डवाल्यांना सही करता येणार नाही, पण सभेला जरूर या. खुर्च्या आहेत.