टायमरचे शेवटचे बिट: एका लाडक्या सल्ल्याचा प्रतिवाद

एम्बेडेड, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या चिपवर प्रोग्राम लिहायला, शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. तो साधारण असा: "की (एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली) बनवायला वेगळं रँडम हार्डवेअर कशाला? टायमर (चिपमधला वेळ मोजणारा काउंटर) वाचा, त्याच्या आकड्याचे शेवटचे बिट घ्या, एसएचए-२५६ या हॅशमधून (आकडा विस्कटून टाकणाऱ्या सूत्रातून) काढा. प्रत्येक बोर्डाचं क्रिस्टल (घड्याळाचे ठोके देणारा स्फटिक) वेगळंच असतं, आकडे रँडमपणाच्या चाचण्यांत पास होतात आणि लिनक्स तरी दुसरं काय करतं?" यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे त्याच्याच जिवावर खपतात.

"शेवटचे बिट कोणालाच सांगता येत नाहीत." एटीमेगा३२८पी चिपच्या आर्डुइनो उनो बोर्डावर मायक्रोसेकंद देणारं फंक्शन ४-४ च्या टप्प्यांनी पुढे सरकतं. म्हणजे त्या आकड्याचे शेवटचे दोन बिट कायम शून्य. ज्यांच्यावर सगळी भिस्त, तेच बिट आधीपासून ठाऊक!

हे एका बोर्डापुरतं म्हणून सोडून देता येईल, पण खरी अडचण खोल आहे. टायमर ज्या क्रिस्टलवर मोजतो, त्याच क्रिस्टलवर तुमचा प्रोग्रामही चालतो. कॅश (जलद तात्पुरती मेमरी) नसलेल्या साध्या मायक्रोकंट्रोलरवर प्रत्येक सूचनेला किती सायकल (घड्याळाचे ठोके) लागणार हे ठरलेलं असतं. रीसेटनंतर बाहेरच्या कशाचीही वाट न पाहता प्रोग्राम एखाद्या ओळीवर पोहोचला, तर टायमरमध्ये दर वेळी तोच आकडा सापडतो. शंका असेल तर शंभरदा रीसेट करून छापून बघा. दोन टायमर घेऊनही उपयोग नाही, कारण पीएलएल (क्रिस्टलच्या ठोक्यांवरून वेगळ्या वेगाचं घड्याळ बनवणारं सर्किट) दोघांनाही एकाच क्रिस्टलवरून घड्याळ पुरवत असेल तर ते एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकूनच चालणार.

अनिश्चितता हवी तर दोन घड्याळं एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र हवीत. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये अशी सोय आहे. तिच्या वॉचडॉगला (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरला) स्वतःचा, सुमारे १२८ किलोहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर (रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणारं घड्याळ) असतो आणि त्याचा क्रिस्टलशी काही संबंध नसतो. वॉचडॉगचा इंटरप्ट (हातातलं काम थांबवणारा संकेत) आला की १६ मेगाहर्ट्झवर धावणारा टायमर वाचायचा. आरसी ऑसिलेटरमधल्या विद्युत गोंगाटामुळे तो क्षण दर वेळी किंचित मागेपुढे होतो. खरा माल एवढाच, आणि तो थेंबाथेंबाने मिळतो: वॉचडॉगचा सर्वांत छोटा कालावधी सुमारे १६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठेक वाचनं. शिवाय तापमान बदललं की हा ऑसिलेटर हळूहळू सरकतो. ते सरकणं डोळ्यांत भरतं, पण त्याचा अंदाज बांधता येतो, म्हणून ते एन्ट्रॉपीत (खऱ्या अनिश्चिततेच्या मापात) धरायचं नाही.

स्वतंत्र घड्याळं आहेत म्हणून निर्धास्त व्हावं, असंही नाही. २००९ मध्ये केंब्रिजचे संशोधक मार्केटॉस आणि मूर यांनी वीजपुरवठ्यातून ठरावीक फ्रिक्वेन्सी सोडली आणि रँडम आकडे देणारे रिंग ऑसिलेटर (चिपमधल्याच गेट्सच्या साखळीतून बनलेली घड्याळं) तिच्याशी जुळवून टाकले. एका सुरक्षित मायक्रोकंट्रोलरच्या रँडम आकड्यांच्या शक्यता २^६४ वरून ३,३०० वर आल्या.

"प्रत्येक क्रिस्टल वेगळं." असतं की, दशलक्षात काही भाग इकडेतिकडे. पण क्रिस्टल वेगवान असलं तर प्रोग्रामही तेवढाच वेगवान धावतो, त्यामुळे मोजलेला आकडा पुन्हा तोच.

"एसएचए-२५६ सगळं सांभाळून घेतं." टायमरच्या हजारच किमती शक्य असतील, तर हॅशही हजारच निघणार, मग ते दिसायला कितीही अस्ताव्यस्त असोत. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात २००६ ते २००८ या काळात ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतल्या एका बदलामुळे बीजात (ज्यापासून रँडम आकडे काढतात त्या सुरुवातीच्या आकड्यात) व्यवहारात फक्त प्रोसेस क्रमांक उरला होता, जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. बनलेल्या की मात्र नजरेला अगदी निर्दोष.

चाचण्यांचंही तेच. १, २, ३, ४ असे आकडे हॅशमधून काढा, नेहमीच्या सांख्यिकी चाचण्यांना त्यात खोट सापडणार नाही. म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेचं २०१८ चं ८००-९०बी हे मानक हॅशच्या आधीचा कच्चा डेटा मागतं, आणि उपकरण १,००० वेळा पुन्हा सुरू करून दर वेळी १,००० नमुने घ्यायला लावतं. टायमरवाल्या युक्तीचं पितळ नेमकं या दुसऱ्या अटीत उघडं पडतं.

राहिला लिनक्सचा दाखला, तोच तो अर्धा खरा मुद्दा. २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून एन्ट्रॉपी कमी पडली तर कर्नेल (लिनक्सचा गाभा) स्वतःच्या अंमलबजावणीतला वेळेचा चढउतार गोळा करतो. पण तिथे कॅश, शेड्यूलर (कामांचा क्रम ठरवणारा भाग) आणि इंटरप्टांचा गजबजाट असतो. सायकल मोजणारा काउंटर संथ असेल किंवा नसेलच, तर कर्नेल त्या वाटेला जातच नाही. आणि लिनक्स असलं की भागलं, असंही कधी नव्हतं. २०१२ मध्ये संशोधक हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या की गोळा केल्या, तेव्हा टीएलएस (इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारी पद्धत) वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या आरएसए खासगी की त्यांना काढता आल्या. बूट होताच, एन्ट्रॉपी जमायच्या आत की बनवणाऱ्या राउटरसारख्या उपकरणांनी एकच मूळ संख्या वाटून घेतली होती. आरएसएची सार्वजनिक की दोन मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी असते, त्यामुळे अशा दोन सार्वजनिक कींचा मसावि काढला की दोन्ही कुलपं उघडतात.

चिपमध्ये रँडम जनरेटर असेल तर तोच वापरा, पण डेटाशीट वाचून. ईएसपी३२ या चिपमध्ये वाय-फाय, ब्लूटूथ आणि एडीसीचा (विद्युतदाबाचा आकडा करणाऱ्या भागाचा) गोंगाट हे सगळंच बंद असेल, तर तिथले आकडेही फक्त छद्म-रँडम (सूत्राने काढलेले, रँडम भासणारे) धरायचे असतात. जनरेटर नसेल तर कारखान्यातच प्रत्येक नगात वेगळं, गुप्त २५६ बिटांचं बीज भरा. दर बूटला त्यापासून नवं बीज काढा, ते आधी फ्लॅशमध्ये लिहा आणि मगच पहिली की बनवा. हा क्रम उलटला आणि मध्येच वीज गेली, तर पुढच्या बूटला तीच की पुन्हा निघते.