उरलेले सदतीस शब्द

मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून, डोक्यावरून चादर घेऊन बसलेला माणूस दिसला, तर तो एक तर थंडीतापानं कुडकुडत असतो किंवा गाणं रेकॉर्ड करत असतो. मी दुसऱ्या जातीचा.

पंख्याची घरघर माइकात उतरते म्हणून पंखा बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो म्हणून चादर. पुण्या-मुंबईची मंडळी त्यासाठी भिंतींना फोमचे चौकोन डकवतात म्हणे. आमच्याकडे चादरींना काय तोटा? लग्नात आहेर म्हणून आलेल्याच अकरा आहेत. दोन भिंतीला, एक दाराला, एक खिडकीला आणि एक माझ्या डोक्यावर. बाहेर 43 अंश. आत किती होते ते मोजायला गेलो नाही, पण चौथ्या टेकला हार्मोनियमच्या पट्ट्या बोटांना चिकटायला लागल्या होत्या.

एवढं करून गाणं झालं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी संध्याकाळी बसलेल्या माणसाचं, साडेतीन मिनिटांचं. शब्द माझे, चाल माझी, घाम माझा. स्वतंत्र संगीतकारांची एक ऑनलाइन स्पर्धा होती, तिथं ते चढवलं आणि चादरींच्या घड्या घालून मोकळा झालो. वाटलं, सुटलो.

मग नियम वाचले. माणसानं नियम आधी वाचावेत, पण मी दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. घरी आल्यावर बारीक अक्षर बघवत नाही. नियम सातवा असा: प्रत्येक स्पर्धकानं इतर दहा स्पर्धकांची गाणी ऐकून प्रत्येकावर किमान चाळीस शब्दांचा विधायक अभिप्राय द्यावा. ‘छान’, ‘मस्त’, ‘कडक’ आणि आगीची चित्रं शब्द म्हणून मोजली जाणार नाहीत. आठवड्यात दहा अभिप्राय झाले नाहीत तर तुमचं गाणं बाद.

विधायक! अहो, आमच्या गावात अभिप्राय दोनच प्रकारचे. एक, ‘लई भारी बे’. दुसरा, ‘काय बे हे?’ या दोहोंच्या मध्ये जी ओसाड जमीन आहे, तिथं आजवर कुणी सोलापूरकर राहायला गेलेला नाही. शाहीर राम जोशी आमच्याच गावचे. मोरोपंतांच्या सांगण्यावरून ते लावणीकडून कीर्तनाकडे वळले असं सांगतात. पण मोरोपंतांना चाळीस शब्दांची अट नव्हती, आणि समोरचा दुखावेल म्हणून आधी दोन वाक्यं कौतुकाची पेरायचीही नव्हती.

पहिलं गाणं लावलं. लो-फाय का काय म्हणतात ते. संथ पियानो आणि मागं पावसाचा आवाज. मोबाइलला छोटा स्पीकर जोडला होता. दहा सेकंदांत आई आतल्या खोलीतून ‘अगं बाई, पाऊस! माझ्या कुरडया!’ म्हणत गच्चीच्या जिन्याकडे धावली. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळात जायची रिक्षानं, ती चौदा पायऱ्या चढून गेली. वर लख्ख ऊन. खाली आल्यावर तिनं त्या कलाकाराबद्दल जे उद्गार काढले, ते चाळीसच्या वर भरले असते, पण विधायकमध्ये बसले नसते. मी लिहिलं, ‘पावसाचा परिणाम अत्यंत खरा वाटतो.’ यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज ऑटो-ट्यूनमधून, म्हणजे बेसूर गळा सुरात आणणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, इतका काढला होता की माणूस गातोय की एटीएम, कळेना. हे ऑटो-ट्यून 1997 साली ज्या अँडी हिल्डब्रँडनं बाजारात आणलं, तो आधी तेल शोधण्याच्या धंद्यात होता. जमिनीत हादरे सोडायचे, खालून परत येणाऱ्या लाटांवरून तेल कुठं आहे ते काढायचं. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. या गायकाच्या बाबतीत बरंच खोल खणूनही तेल लागलेलं नव्हतं.

तिसरं मेटल, म्हणजे किंचाळून गायचं रॉक. पहिल्याच किंकाळीला शेजारच्या तेलुगू अक्का ‘अय्यो, एमैंदी?’ करत ओल्या हातानं दारात. काही झालं नाही, गाणं आहे, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं गेल्या वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. जाताना त्या आईला हळूच विचारून गेल्या, ‘साहेबांना ऑफिसात काही त्रास हाय का?’

चौथ्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक ‘घूं’ होतं. ते मात्र मी ओळखलं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची; अर्थिंग नीट नसलं की तीच गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये येऊन बसते. हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या जरा वरचा सूर पडतो तो. गाणं पांढरी पाचमध्ये असतं तर तानपुरा म्हणून खपून गेलं असतं. पण पठ्ठ्यानं गाणं धरलं होतं काळी दोनमध्ये! आता हे त्याला सांगायचं कसं? ‘तुमच्या घरचं वायरिंग गाण्यापेक्षा स्थिर सुरात आहे’ हे विधायक होईल का?

तीन दिवसांत चार अभिप्राय. रात्री साडेअकराला मी कपाळाला हात लावून बसलो होतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, “एवढंच ना? थांबा.” आणि कपाटातून तिची ती वही काढून दिली.

ज्यांच्या घरात शिक्षक आहे त्यांना ही वही माहीत आहे. वर्णनात्मक नोंदी! 2010 पासून शाळेत आकारिक मूल्यमापन आलं, आणि ‘ढ आहे’ हे दोन शब्द महाराष्ट्राच्या प्रगतिपुस्तकांतून कायमचे गेले. त्यांच्या जागी नोंदी आल्या. बायकोच्या वहीत विषयवार, इयत्तावार काही शे आहेत. काही तिच्या, काही इतर बाईंच्या वहीतून उतरवलेल्या, काही व्हॉट्सॲपवरून आलेल्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यामुळे मला त्यांचा अर्थही कळतो. ‘सर्व उपक्रमांत उत्साहाने भाग घेतो’ म्हणजे बाक मोडलेला आहे. ‘आपले मत ठामपणे मांडतो’ म्हणजे बाईंशी भांडतो. ‘निसर्गाची आवड आहे’ म्हणजे खिडकीबाहेर बघत बसतो.

मग काय विचारता! मेटलवाल्यांना आधीचं खोडून नव्यानं लिहिलं, ‘भावना मोकळेपणाने व्यक्त करतात.’ पाचव्या गाण्यातल्या बास गिटारवाल्याला, ‘गटकार्यात सहभागी होतो, मात्र पुढाकार घेत नाही.’ सहावं गाणं दणदणाट करून चढवलेलं होतं, स्पीकर फाटेल असं. खरं तर त्यात फार अर्थ उरलेला नाही. स्पॉटिफायसारखे लोक सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करून साधारण उणे 14 लफ्सवर (लफ्स हे आवाजाच्या जोराचं माप) आणून ठेवतात, म्हणजे ओरडणारा आणि कुजबुजणारा एकाच पट्टीत. त्याला लिहिलं, ‘आवाज खणखणीत आहे. इतरांना बोलण्याची संधी द्यावी.’ आठवा रॅपर होता. त्याला तर नोंद तयारच होती, पान नऊ, मराठी, इयत्ता चौथी: ‘प्रकट वाचनाचा वेग उत्तम आहे. विरामचिन्हांकडे लक्ष द्यावे.’ त्याचं गाणं मी दीड मिनिटापर्यंतच ऐकलं, खोटं कशाला बोलू? पण नोंद इतकी चपखल बसली की पुढं ऐकण्याची गरज वाटली नाही. तासाभरात चार अभिप्राय उडवले. शिक्षकांना एप्रिलअखेर चहा कसा काय सुचतो, ते त्या रात्री कळलं.

नवव्या गाण्यानं मात्र घोळ केला.

ती एक मुलगी होती. वसतिगृहातली खोली, एक गिटार, बास्स. गाण्यात ती संध्याकाळी आईला फोन लावते, आणि आई शेतात असल्यामुळे रेंज नसते. एवढंच. पण दुसऱ्या कडव्यात, 1:47 ला, असं काहीतरी ती म्हणत होती की ज्याच्यासाठी सगळं गाणं होतं, हे कळत होतं. काय म्हणतेय तेच कळत नव्हतं. गिटार सगळ्या आवाजावर बसली होती आणि वरून रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, असा की जणू मुलगी भुईकोट किल्ल्याच्या खंदकातून गातेय. सहाव्यांदा ऐकल्यावर शब्द लागले. ‘फोन कट केल्यावर मी थोडा वेळ हॅलो म्हणते.’

वही काढली. चाळली. ‘मातापित्यांविषयी आदर बाळगते’ दिसलं आणि माझीच मला लाज वाटली. वही मिटली.

पहिला मसुदा लिहिला: ‘गिटारमुळे शब्द ऐकू येत नाहीत.’ बरोबर होतं, पण पाच शब्दांतच संपलं. आणि वाटलं, पोरगी घाबरून गाणंच बंद करायची. दुसरा मसुदा: ‘अतिशय हृद्य रचना. गिटारवादन सुरेख, किंबहुना काही ठिकाणी ते इतके सुरेख झाले आहे की आपल्या तितक्याच सुरेल आवाजाशी त्याचा एक वेगळा संवाद घडताना जाणवतो…’

बायकोनं वाचलं. “अहो, हे वाचून तिला काय कळणार?”

“की आवाज ऐकू येत नाही.”

“मला तर वाटलं, तुम्ही गिटार वाढवायला सांगताय.”

एवढ्यात मामा आले. आमचे मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा डॉक्टर. शेडमध्ये सोळा माग एकदम खडखडत असायचे, आणि मामा दारात चहाचा कप घेऊन उभे राहून सांगायचे, ‘तिकडचा चौथा बघ, धोटा अडकायलाय.’ त्या खडखडाटानं आता त्यांना कमी ऐकू येतं. म्हणजे माणसांचं बोलणं कमी ऐकू येतं. बिघाड अजून ऐकू येतो.

“काय ऐकायलास बे?”

“गाणं आहे, मामा. ऐकून मत द्यायचंय.”

“आण हिकडं.”

हेडफोन घातला. आवाज शेवटपर्यंत वाढवला. डोळे मिटले आणि डावा हात टेबलावर पालथा ठेवला, मागाच्या चौकटीवर ठेवत तसा. गाणं संपलं. हेडफोन काढून त्यांनी कान चोळले.

“पोरगी मागं उभारलीय. वाजप पुढं. लग्नाच्या फोटोत कसं, उंच पावणे पुढं उभारले की नवरीच दिसत न्हाई.”

“मग काय सांगू तिला?”

“गळा पुढं घे म्हणाव.” आणि मामांनी भुईमुगाच्या शेंगांचा वाडगा ओढला. त्यांच्या दृष्टीनं दुरुस्ती झाली होती.

गळा पुढं घे. तीन शब्द! यात कौतुक नाही, टोमणा नाही, आणि पोरीला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, कुठला हलवायचा ते नेमकं कळतं. पण नियम सातवा! उरले सदतीस. ते कुठून आणू? रात्री बारा वाजता पाच दिवसांनी नळाचं पाणी आलं, मोटर लावली, टाकी भरेपर्यंत जिन्यात बसून उरलेले शब्द मोजत बसलो. शेवटी लिहिलं: ‘1:47 ला गळा पुढं घे. तिथली ओळ मला सहाव्यांदा ऐकल्यावर कळली आणि मग मी गाणं अजून चारदा ऐकलं. ती पहिल्यांदाच कळायला हवी. गिटार थोडी खाली, रिव्हर्ब निम्मा. बाकी कशाला हात लावू नकोस. हे माझ्या मामांचं मत आहे, ते जॉबर आहेत.’ मोजले. बरोबर चाळीस भरले. जॉबर म्हणजे तिला काय समजलं असेल कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘केलं. मामांना थँक्यू सांगा.’

दहावं गाणं वाद्यसंगीत होतं, चांगलं होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चांगल्या गाण्यावर चाळीस शब्द लिहिणं सगळ्यात कठीण जातं, एवढं खरं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी माझ्या गाण्याखाली लोकांचे अभिप्राय दिसायला लागले. घरातले सगळे जमले. मामाही होते. एकानं माझ्या गिटारवादनाची मनापासून स्तुती केली होती. माझ्या गाण्यात गिटार नाही. एकानं लिहिलं होतं की मधल्या सप्तकातला कोमल गंधार उतरलेला आहे, पट्टी साफ करून घ्या. ती पट्टी तीन वर्षांपासून उतरलेली आहे आणि तिच्याबद्दल घरात बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे. मामा म्हणाले, “ह्याला ऐकू येतंय.”

तिसरा अभिप्राय मी मोठ्यानं वाचला: “‘कलाकाराची सुरुवात आश्वासक आहे. विषयाची जाण दिसून येते. नियमित सराव व योग्य मार्गदर्शन मिळाल्यास निश्चित प्रगती करू शकेल…’ बघा! आश्वासक म्हणतोय.”

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “पान चौदा,” ती म्हणाली.

“काय?”

“कुणी तरी मास्तर आहे. पान चौदावरची नोंद आहे ती. ही आम्ही कधी लिहितो माहितीये?”

“कधी?”

“पोरगं वर्षभर शाळेत आलेलंच नसलं की.”

मामा हसता हसता ठसकले. आईनं त्यांना पाणी दिलं. मी काही बोललो नाही. मुदत संपायला दोन तास होते. आतल्या खोलीत जाऊन हेडफोन घातला आणि त्या रॅपरचं गाणं दीड मिनिटापासून पुढं लावलं.

दुसऱ्या मिनिटाला पोरगा चक्क थांबला होता. स्वल्पविरामासकट.