माळ जाळावा की नाही?

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या पुरंदरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात वणव्यावरून जुंपते. माळ पेटवला की पावसाळ्यात गवत जोमानं फुटतं, असं जुनी मंडळी म्हणतात. पोरं जळालेल्या घरट्यांचे फोटो टाकतात. मग कोणीतरी "माळ मोकळा ठेवताच कशाला, झाडं लावा" म्हणत तिसरीच आघाडी उघडतो.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या उत्तरेला मिनेसोटा विद्यापीठाचं सीडर क्रीक हे संशोधन केंद्र आहे. तिथे १९६४पासून ओकच्या विरळ रानाचे तुकडे पाडून मुद्दाम आग लावतात. काही जवळजवळ दरवर्षी जळतात, काही कधीच नाही. जळणाऱ्या तुकड्यात जाड सालीचे ओक तगतात आणि मधे उन्हात गवत माजतं. न जळणाऱ्यात दाट, अंधारी झाडी. माळावरची फुलझाडं जवळपास गायब.

मला मात्र तिथला १९९४चा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो: गवत-झाडोऱ्याच्या जाती जास्त असल्या की वाढही जास्त होते का, हे पाहणारा. नऊ बाय नऊ मीटरचे वाफे. कुठे एकच जात लावलेली, कुठे सोळा. नेमून दिलेल्यापेक्षा वेगळं काही उगवलं की विद्यार्थी हातानं उपटतात. (पँटचे पाय मोज्यांत खोचून. गोचिडी भयंकर.) कापायचं, वाळवायचं, तोलायचं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सुरुवातीला वाटलं होतं की थोड्या जातींवरही भागतं. दशकभरात चित्र पालटलं. जास्त जातींचे वाफे वजनात पुढे सरकतच गेले. तीन वर्षांत अहवाल देऊन मोकळे झाले असते, तर उलटाच निष्कर्ष छापला असता.

म्हणून गटातल्या कोणी "अमेरिकेतही जाळतात" असा दाखला दिला की मी अडवतो. तिथे चार-पाच महिने बर्फ, आपल्याकडे मान्सून आणि मेंढरं. आपलं उत्तर आपल्याच माळावर शोधायला हवं. देशात कोणी करत नाही असंही नाही: तमिळनाडूतल्या मुदुमलाईतला ५० हेक्टरचा तुकडा भारतीय विज्ञान संस्थेनं १९८८ साली आखला आणि तिथली झाडं वर्षानुवर्षं मोजली. पण ते जंगल. माळाची नोंद पडीक म्हणून, आणि २०१९च्या ३३ कोटी झाडांसारखी मोहीम निघाली की पहिला डोळा पडीकावर.

आपल्या कृषी विद्यापीठांकडे जमीन आहे. थोडी जाळा, थोडी मेंढरांना चरू द्या, थोडी तशीच ठेवा. आखताना धनगरांना सोबत घ्या. फक्त तीस वर्षं त्या जमिनीला हात लावणार नाही, एवढं आधी लिहून घ्या. नाहीतर दहाव्या वर्षी तिथे प्लॉटिंग झालेलं असेल.